घंटी वाजली होती

दहिवलीचे ते प्रकरण आठवले की आजही माझे कान गरम होतात आणि दुसऱ्याच क्षणी अंगात तीच जुनी धावपळ सुरू होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कर्जत पोलीस ठाण्यात मी नवा फौजदार होतो. नवा म्हणजे गणवेशाची इस्त्री मोडू न देणारा आणि आपले कधी चुकत नाही असे मानणारा.

लावणीचे दिवस होते. आमच्या भागात लावणी पाळीपाळीने होते, आज एकाच्या शेतावर, उद्या दुसऱ्याच्या. त्यामुळे आख्खी आळी एकदम रिकामी पडते. मागे राहतात म्हातारी माणसे आणि स्वयंपाकाची पाळी असलेली एखादी बाई.

दहिवलीच्या अशाच एका आळीत एक वृद्ध विधवा राहत असे. सगळे तिला आत्या म्हणत. गुडघे गेलेले, कानाने कमी. मुलगा नोकरीनिमित्त मुंबईला. आईची काळजी म्हणून त्याने कर्जतच्या बाजारातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून एक सोय करून घेतली होती. आत्याच्या खाटेशी बटण, तिथून तार शेजारच्या घरात आणि शेजारणीच्या चुलीवरच्या भिंतीला घंटी. लाइट गेली तरी वाजावी म्हणून ती सेलवर चालायची. काही अडचण आली की आत्याने बटण दाबायचे आणि शेजारणीने धावत जायचे. तेव्हा असे काही कुणी पाहिलेले नव्हते. लोक मुद्दाम बघायला येत.

आणि भर दुपारी याच आत्याच्या घरी चोर शिरला. तोंडाला फडके बांधलेल्या माणसाने तिच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या ओरबाडून काढल्या. मनगट सुजून टम्म झाले. मी जबाब घेतला तेव्हा ती एकच सांगत होती, "दाबली रं बाबा, घंटी दाबली. कोन नाय आला!"

शेजारीण म्हणाली, "वाजलीच नाय सायेब. मी घरातच व्हते."

हवालदाराने पंचनाम्यात लिहिले, 'घंटी नादुरुस्त.' मी खाली सही ठोकली.

संध्याकाळी आळीतलाच एक जण खबर घेऊन आला. रेडिओवाला चारच दिवसांपूर्वी आत्याकडे सेल बदलून गेला होता आणि चोरीच्या दुपारी त्याची सायकल दहिवलीत दिसली होती. झाले! घर माहीत, पाटल्या माहीत, घंटी मुद्दाम बंद केलेली. मी खूश. मी जीप काढेपर्यंत आळीतल्या लोकांनीच त्याला बाजारातून कॉलर धरून ठाण्यात आणले. मी त्याला अटक दाखवली.

चौकशीत मी टेबलावर रूळ आपटत होतो. तिशीचा, शांत माणूस होता तो. "दहिवलीला मास्तरांचा रेडिओ द्यायला गेलो होतो," म्हणाला. मास्तर नेमके त्याच दिवशी परगावी गेलेले. मी आवाज चढवला, तेव्हा त्याने विचारले, "साहेब, घंटी दाबून बघितलीत का?"

"तू मला तपास शिकवणार?" मी ओरडलो.

सकाळी त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसली होती. मला बघून उठली. "सायेब, गिऱ्हाइकं आपापले रेडिओ उचलून चाललीत. चोराच्या हातात कोन वस्तू देईल? तुमी त्याला सोडलात तरी आमचं दुकान आता उघडत नाय."

मी तसाच आत गेलो. अकरा वाजता त्याला कोर्टात उभे करून रिमांड मागायचा होता. मी पंचनामा पुन्हा उघडला. 'नादुरुस्त' हा शब्द माझ्याकडे टकामका बघत होता. कुणी ठरवले नादुरुस्त? बटण दाबले कुणी? कुणीच नाही! मी हवालदाराला जीपमध्ये कोंबले आणि सुटलो. घड्याळात नऊ वाजून गेले होते.

वाटेत पोलीस पाटलाला घेतले. हवालदाराला आत्याकडे पाठवले आणि सांगितले, "पाच मिनिटांनी बटण दाब." मी आणि पाटील शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन टेकलो. ती भाकरी थापत होती. मी इकडचे तिकडचे विचारत राहिलो, शेत किती, पाऊस कसा, पोरे कितवीत. एवढ्यात डोक्यावर घंटी खणखणली.

बाईने मानसुद्धा वर केली नाही. थापता थापता तिने हाळी दिली, "आले गं आत्या, भाकरी तव्यावर हाय!"

आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. मी पाटलाकडे पाहिले, पाटलाने माझ्याकडे. मला तर उठून नाचावेसे वाटले!

बाई रडायलाच लागली. "सायेब, दिवसातनं धा वेळा वाजवते म्हातारी. कदी तपकीर सापडत नाय, कदी पत्र वाचायचं, कदी नुसतंच ये गं बसायला. त्या दिशीबी वाजली. मी आसंच वरडले आन् भात उतरून मंग गेले. जाऊन बघते तर आत्या खाली पडलेली. लोक माझ्या तोंडात शेण घालतील म्हनून बोलले, वाजली नाय."

तिच्या त्या हाळीनेच चोर पळाला होता. आत्याला ती ऐकू गेली नाही, चोराला गेली.

"पळताना कुणी दिसलं?" मी विचारले.

"आत्याच्या मागच्या दारानं एक जन गेला. इरलं घेतलेला. मला वाटलं, कोनतरी शेतावर चाललाय." मग डोळे पुसत ती म्हणाली, "पन सायेब, त्याच्या पायात बूट व्हते."

बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे ते इरले डोक्यापासून कमरेपर्यंत माणूस झाकते. लावणीत ज्याच्या त्याच्या पाठीवर तेच, त्यामुळे कुणी वळून बघत नाही. पण बूट घालून चिखलात कोण उतरतो? कॅनव्हासचे बूट होते, एकावर काळ्या कापडाचे ठिगळ. शेजारणीला ते ओळखीचे वाटले. आठच दिवसांपूर्वी एक छत्री दुरुस्तीवाला आत्याच्या ओटीवर बसला होता. त्याचे बूट असेच, छत्रीच्या कापडाचे ठिगळ लावलेले. खोपोलीच्या शिळफाट्याला राहतो म्हणाला होता.

मी ठाण्यात येऊन आधी कोर्टात निरोप धाडला की रिमांड नको. मग खोपोलीला फोन लावला. तिकडच्या हवालदाराने शिळफाट्याच्या चहावाल्याकडून अर्ध्या तासात खबर काढली. छत्रीवाला सकाळीच कशेळ्याच्या बाजाराला गेला होता.

कशेळ्यापर्यंत जीपने रस्त्यातला एकही खड्डा सोडला नाही. बाजार भरात होता आणि आमचा गडी एका दुकानाच्या वळचणीला खुशाल काड्या बसवत बसला होता. पायात तेच बूट! त्याने मला पाहिले आणि हसून विचारले, "साहेब, छत्री?"

"सगळ्याच दाखव," मी म्हणालो.

दोन पंच उभे करून आम्ही छत्र्या उघडायला लागलो. पहिली रिकामी, दुसरी रिकामी, सातवी रिकामी. गर्दी हसू लागली, माझ्या मानेवरून घाम ओघळू लागला. नववी छत्री मात्र उघडेना. तिला आतून दोरा मारलेला होता. हवालदाराने तो चाकूने कापला आणि छत्री उघडताच पाटल्या खणकन खाली पडल्या. असा आनंद मला पुढे बढतीच्या दिवशीही झाला नाही.

त्याच दिवशी रेडिओवाला कायद्याने सुटला. ठाण्यात मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणालो, "माझं चुकलं."

त्याने चहाला हात लावला नाही. "साहेब, मला दहिवलीच्या लोकांनी धरून आणलं. तुम्ही हे बंद खोलीत सांगताय."

दुसऱ्या दिवशी मी गणवेशात त्याच्याबरोबर दहिवलीला गेलो. आत्याच्या खाटेशी बसून त्याने बटण दाबले. या वेळी शेजारीण पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिच्या ओरडण्याने बांधावरून माणसे पळत आली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, कुणाच्या हातात काठी. त्यात त्याची कॉलर धरणारेही होते.

घंटी हाक पोचवते, पण उठायचे माणसाने असते. शेजारीण उठली नाही, तसा मीही उठलो नव्हतो. चार पावले चालून ते बटण दाबण्याचा मला कंटाळा आला आणि तेवढ्यात एका घराची अब्रू गेली. पुढे पंचवीस वर्षे, स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय मी एकाही वस्तूबद्दल पंचनाम्यात शब्द लिहू दिला नाही.

त्या दिवशी अंगणात मी टोपी काढली आणि सांगितले, घंटी चांगली होती, हा माणूस निर्दोष आहे, चूक माझी आहे. मी टोपी घालायला गेलो, तर रेडिओवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, मागच्यांना ऐकू गेलं नाही."

मी टोपी खाली घेतली आणि पुन्हा सांगितले. या वेळी मोठ्याने.