आबांचा आग्रह

परवा यवतमाळला भाच्याच्या लग्नात मी ताट घेऊन बुफेच्या रांगेत उभा होतो. माझं पोट माझ्या आधी टेबलाजवळ पोचलं होतं. मागून पुतणीनं विचारलं, "काका, तुमचे आबा असते तर कुठं उभे राह्यले असते?"

"सगळ्यात मागं," मी म्हणालो. "आणि मलाही मागं ओढलं असतं."

आबा म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी जंगल सत्याग्रहात पुसदकडच्या जंगलातलं गवत कापून त्यांनी इंग्रज सरकारचा कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. तिथं तापानं फणफणले, तेव्हा डफडं वाजवणाऱ्या एका सोबत्यानं रात्रंदिवस त्यांची सेवा केली, आपली भाकर त्यांना भरवली. सुटून आल्यावर एका लग्नात तोच सोबती त्यांना मांडवाबाहेर दिसला. सगळ्यांची जेवणं उरकायची वाट बघत बसलेला. त्या दिवसापासून आबांनी ठरवलं: वाजंत्री ज्या पंगतीत, आपण त्या पंगतीत. ती पंगत अर्थातच शेवटची. सोबतीला मला बसवत. त्यामुळे स्वातंत्र्यलढ्याची झळ मलाही पोचलेली आहे; माझ्या वाट्याला कायम पातळ वरण आलं.

माझ्या ताईचं लग्न दारव्ह्याला झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. माझ्यावर जगाची जबाबदारी होती, म्हणजे पाण्याच्या जगाची. पुसदहून आलेल्या वऱ्हाडी मंडळींची पहिली पंगत बसली. ताईच्या सासऱ्यांनी, आमच्या नव्या इवायांनी, आपल्या शेजारची जागा राखून ठेवली होती.

"या आबा. जेलात गेलेला मानूस आमच्या बाजूनं बसला पाह्यजे."

आबांनी हात जोडले. "मी मांगून बसतो, वाजंत्र्यायसंग."

"काहून? आमची पंगत हलकी हाय का?"

"तसं नाही, इवाईबुवा. जुना नेम हाय."

"मंग आमचाबी नेम समजा. आबा बसल्याबिगर आमच्यातलं कोनी घास उचलनार नाही."

पंगत थांबली. भाताची वाफ विरली. बाबांनी आबांना खांबाआड नेलं. "आबा, आज एक दिवस. पोरगी त्यायच्या घरी जाऊन राह्यली. जलमभर तिले हेच ऐकवतीन."

पलीकडे ताई शालू सावरत आमच्याकडंच बघत होती. आबांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आज नेम मोडणार. खरं सांगतो, मला आनंदच झाला. पहिल्या पंगतीची बुंदी गरम असते.

आबांनी धोतराचा सोगा खोचला, वाढप्याच्या हातून वरणाची बादली घेतली आणि इवायांपुढं वाकले. "मले बसता येत नाही, पन वाढता येते. म्हाताऱ्याच्या हातचं नाही म्हनू नोका."

वडीलधाऱ्यानं वाढलेलं नाकारायचं कसं? इवायांनी मुकाट्यानं घास घेतला. मग काय, सत्याग्रहातला सगळा आग्रह आबांनी वाढपात लावला. "घ्या न. ही एवढी पुरी. सरकारनं मले सोडलं नव्हतं, मी तुमाले सोडतो का?"

बुंदी पुन्हा पुन्हा येऊ लागली तसे इवाई पत्रावळीवर आडवे हात धरून ओरडले, "पुरे आबा! माफी लिहून देतो!"

"म्या नव्हती देल्ली. तुमीबी नोका देऊ. खा."

सगळी पंगत हसली. ताईच्या सासूबाई तर तोंडाला पदर लावून.

शेवटच्या पंगतीला आबा वाजंत्र्यांच्या रांगेत बसले, अगदी टोकाला. इवाई कमरेला दुपट्टा बांधून आले. "आता आबाले म्या वाढीन," म्हणत बुंदीची परात उचलून ते थेट त्या टोकाकडं निघाले.

आबांनी पत्रावळीवर हात ठेवला. "रांगेनं या, इवाईबुवा."

इवाई थबकले. सगळा मांडव बघत होता. मग इवाई मागं फिरले आणि रांगेच्या सुरुवातीला सनईवाल्यापुढं वाकले. तो बिचारा संकोचानं पत्रावळ मागं ओढू लागला.

"लाजतं कायले गा?" इवाई म्हणाले. "घे. तू नाही घेतलं तर मले पुढं जाता येत नाही."

एकेक पत्रावळ करत ते पुढं सरकू लागले. बाबांनी टोपी काढून घाम पुसला आणि सकाळपासून पहिल्यांदाच खाली टेकले, ढोलवाल्याच्या शेजारी. मी त्यांच्यापुढं पत्रावळ मांडली.