एकच ठिपका

राई गावाहून भाजी घेऊन भाईंदरच्या बाजाराला जाणाऱ्या सात जणींत ती सगळ्यांत मोठी. बस आली की प्रत्येकीच्या टोपलीला हात लावून मोजते आणि सहाही जणी चढल्याशिवाय स्वतः चढत नाही. कंडक्टर ओरडतो, "मावशी, चला ना!" तशी ही म्हणते, "थांब रे, दोघी मागं हायत. त्यांना काय पंख हायत?"

सात जणींत फोन एकच, तिच्या कमरेच्या पिशवीत.

हे मला फार उशिरा कळलं. बसचे थांबे ठरवायला लागणारे नकाशे मी बनवतो. फोन जिथे थांबतात, तिथे नकाशावर ठिपका उमटतो. यांच्या घराजवळच्या थांब्यावर रोज सकाळी एकच ठिपका दिसायचा. तिथे एकदाही न जाता मी लिहून दिलं, थांबा बंद करा. तेव्हापासून या टोपल्या डोक्यावर घेऊन मी बस पकडतो त्या थांब्यापर्यंत चालत येतात.

वर्षभर मी तिच्या शेजारी गप्प उभा राहिलो. काल सांगून टाकलं, "मावशी, तुमचा थांबा माझ्यामुळे गेला. मी फोन मोजले, माणसं नाही."

ती गुडघा चोळत म्हणाली, "मंग आता नीट मोज."

आज दुरुस्त केलेला नकाशा पिशवीत घेऊन मी थांब्यावर आलो, पण तिच्यापासून जरा लांबच उभा राहिलो. बस आली. तिने सहा जणी चढवल्या, मागे वळली आणि माझ्या पिशवीला हात लावला.

"आठ," ती म्हणाली. "चढ."