राहुकाळ टळल्यावर

विनायक नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या एका गोदामात शिफ्ट मॅनेजर. पन्नाशीला टेकल्यावर त्याला विमान उडवायचं खूळ लागलं. गवताच्या धावपट्टीचा छोटासा क्लब, दोन सीटचं विमान. परवाना हातात पडतोय तोच कोरोना आला. त्याच वर्षी सांगलीला वडील गेले, आणि प्रवास बंद असल्यामुळे त्याला शेवटचं दर्शनही मिळालं नाही. तेव्हापासून आईच्या कुठल्याच शब्दाला त्याने नाही म्हटलं नव्हतं.

२०२१च्या जानेवारीतल्या एका शनिवारी तो पहिल्यांदाच बायकोला, शर्मिलाला, वर नेणार होता. पावणेनऊला त्याने धावपट्टी चालून पाहिली. पातळ बर्फाखाली जमीन दगडासारखी गोठलेली. झकास! तेवढ्यात आईचा फोन.

"विनू, आज नऊ ते साडेदहा राहुकाळ. सूनबाईला घेऊन तेवढ्यात उडू नकोस रे."

"इथे सूर्यच आत्ता उगवतोय," शर्मिला पुटपुटली. "राहू कुणाच्या घड्याळाने येणार?"

पण विनायक थांबला. थर्मासमधला चहा संपला, वारा फिरला, हवा उबदार झाली. खरं तर उडायच्या आधी दर वेळी पट्टी चालून बघायची, हा क्लबचा नियम. राहू गेला म्हणजे सगळं निर्धोक, असं या शहाण्याने धरून चाललं आणि पावणेअकराला थेट इंजिन सुरू केलं.

अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलात चाकं रुतू लागली. वेग येईना. पट्टीचा शेवट दिसला तेव्हा त्याने इंजिनचा जोर कमी करून ब्रेक दाबले, पण विमान घसरत गेलं आणि कडेच्या चरात नाक खुपसूनच थांबलं. शर्मिलाचं मनगट मोडलं. त्याने तिला ओढून बाहेर काढलं. आपण हिला मारलंच असतं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

संध्याकाळी आई फोनवर रडत म्हणाली, "राहुकाळ टाळलास म्हणून वाचलात रे!"

शर्मिलाने प्लास्टरमधला हात उचलून डोळे वटारले.

"हो आई," विनायक म्हणाला, "तू सांगितलंस म्हणूनच."

फोन ठेवला तशी शर्मिला भडकली. "नऊला गेलो असतो तर काही झालं नसतं! क्लबच्या रिपोर्टमध्येही हेच लिहिलंस का?"

"नाही. तिथे लिहिलं, पट्टी पुन्हा चालून बघितली नाही, चूक माझी." त्याने तिच्या प्लास्टरखाली उशी सरकवली. "बाबांना ती वाचवू शकली नाही गं. आपल्याला तरी वाचवलं, असं वाटू दे तिला."