तिसरी ओळ रिकामी

“सिस्टरबाई, तुमच्या गोळीनं आमच्या महालक्ष्म्या बाटवल्या!”

शांताबाईंनी दारातूनच तोफ डागली. मागे त्यांची धाकटी सून वंदना मान खाली घालून उभी. नरखेड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात, म्हणजे गावातल्या छोट्या सरकारी दवाखान्यात, मी तेव्हा नर्स होते. एक सिस्टर आणि चार गावं. त्यात तो लसीकरणाचा दिवस, बाहेर रडणाऱ्या लेकरांची रांग.

वंदनाला दोन मुलं. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे नवऱ्याची ट्रॅक पँट घालून संत्र्याच्या बागांमधल्या रस्त्यावर धावायची. गावानं आधी नावं ठेवली, मग सवय करून घेतली. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती होती आणि मैदानी चाचणी पाच महिन्यांवर आली होती. तिसरं राहिलं असतं तर सगळंच संपलं असतं. म्हणून मी तिला गोळ्या सुरू केल्या होत्या. आधी बीपी बघितलं, डोकेदुखी, कावीळ सगळं विचारलं, आणि पाळीच्या पाचव्या दिवशी पहिली गोळी दिली.

सरकारी पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात. सातच्या चार ओळी. पहिल्या तीन ओळी पांढऱ्या, औषधाच्या. चौथी तपकिरी, नुसत्या लोहाची. पांढऱ्या संपून तपकिरी सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तीन महिने वंदनाचं घड्याळ लावल्यासारखं चाललं होतं.

आणि आता तिची पाळी आठवडाभर आधी आली होती, ऐन महालक्ष्म्या बसवायच्या दिवशी. घरभर पाहुणे आणि सून देवघराबाहेर.

“ते पाकीट आता चुलीत,” शांताबाई म्हणाल्या. “झालं तिसरं तं होऊ दे. पोलीस होऊन कोणाले पकडणार हाये हे?”

“वंदना, गोळी चुकली का वं?”

“नाही सिस्टर. रोज खाल्ली, एक दिवस नाही चुकला.” आणि ती रडायलाच लागली.

तेवढ्यात मेडिकल ऑफिसरांचा फोन. शांताबाई आधी त्यांच्याकडे जाऊन आल्या होत्या.

“सिस्टर, कम्प्लेंट आहे. त्या बाईच्या गोळ्या बंद करा. रजिस्टरमध्ये साइड इफेक्ट लिहा आणि कॉपर-टी सुचवा.”

“सर, पाकीट बघितल्याशिवाय मी काही लिहिणार नाही.”

“पाकिटात काय बघायचं असतं?”

“बघते, मग सांगते.” मी फोन ठेवला. साहेबांचा फोन आपण आधी ठेवायचा नसतो, पण ठेवला.

वंदनानं पिशवीतून पाकीट काढलं. पहिल्या दोन ओळींची भोकं वेडीवाकडी होती, झोपेत अंगठ्यानं दाबलेली. तिसरी ओळ मात्र साफ. सातही गोळ्या एकाच बैठकीत, नखानं कागद सोलून काढलेल्या. खालच्या तपकिरी तीन गेलेल्या.

“ही ओळ कोणी काढली?”

“मले वाटलं लेकरानं पाडल्या,” वंदना म्हणाली. “तुम्ही रागवान म्हणून नाही सांगितलं. पांढऱ्या दिसल्या नाही तं खालच्या सुरू केल्या.”

शांताबाई एकदम खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

“मीच देल्या,” शेवटी त्या म्हणाल्या. “मोठ्या सुनेची तारीख सणात येत होती. पण पांढऱ्याच, आन् त्याबी मी शेवटून काढल्या, बाई. हिच्या पुढच्या गोळ्याइले हात नाही लावला.”

सणासुदीला पाळी पुढे ढकलायला बायका मनानंच गोळ्या खातात, हे मला ठाऊक होतं. पण जावेच्या पाकिटातून, आणि त्याही इतक्या प्रामाणिकपणे शेवटून! मोठीची पाळी थांबली आणि धाकटीची आली. हसू दाबायला मला पाणी प्यावं लागलं.

“शांताबाई, संत्र्याले ताण देता ना तुम्ही?”

ताण म्हणजे बागेचं पाणी ठरावीक दिवस तोडायचं. मग पाणी सोडलं की झाडं एकदम फुलतात.

“देतो ना. काहून?”

“ताणावर असलेल्या बागेत मधातच कोणी मोटर चालू केली तं?”

“मायबाई! अवेळी फूट येते. हातचा बहार जाते.”

“ह्या पांढऱ्या गोळ्या म्हणजे हिच्या अंगाचा ताण. एकवीस दिवसांचा. तुम्ही चौदाव्या दिवशी मोटर चालू केली.”

त्यांनी पाकिटाच्या रिकाम्या ओळीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, “मंग गोळीचा दोष नाही?”

“नाही.”

“पोरीचाबी नाही?”

“तिचा तर नाहीच नाही.”

शांताबाईंनी पाकीट उचललं आणि वंदनाच्या हातात दिलं. चुलीचा विषय संपला.

राहिलेल्या तपकिरी गोळ्या संपवून लगेच नवं पाकीट सुरू कर, आणि त्याचे पहिले सात दिवस खबरदारी म्हणून निरोध वापर, असं मी वंदनाला सांगितलं. मोठ्या सुनेला दुसऱ्या दिवशी बोलावलं. तिचं बीपी चांगलंच वाढलेलं निघालं. अशा बाईला ही गोळी द्यायचीच नसते. तिला तिथूनच डॉक्टरांकडे पाठवलं.

साहेबांना फोन केला. “सर, साइड इफेक्ट नाही. सासू इफेक्ट.” ते हसले. मग म्हणाले, “बरं झालं, तुम्ही पाकीट बघितलं.” त्या वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होते.

वंदना भरतीत निवडली गेली. परीक्षेच्या दिवशी तिची मुलं शांताबाईंनी सांभाळली.

आता मी निवृत्त होऊन प्रताप नगरात राहते. परवा सीताबर्डीला खरेदीला गेले होते. चौकात वाहतूक अडवून उभ्या असलेल्या शिपाईबाईनं मला बघितलं आणि सगळ्या गाड्यांसमोर कडक सॅल्यूट ठोकला. वंदनाच. माझ्या हातात कोथिंबिरीची पिशवी. तरी मी ताठ मानेनं रस्ता ओलांडला. अभिमान वाटला, सांगायला लाजत नाही.

पण खरं तेही सांगते. गोळी विसरली तर काय करायचं, उलटी झाली तर काय करायचं, हे सगळं मी वंदनाला शिकवलं होतं. सिस्टरला घाबरायचं नाही, एवढंच सांगायचं राहिलं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक बाईला ते सगळ्यात आधी सांगितलं. दुसरं सांगायचे, पाकीट कुठं लपवायचं.