मुठीत धरलेली वायर

केजला रस्त्याच्या कडेला जे ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, ते चाचांचं. मी तिथं बावीस वर्षं काढली, त्यातलं पहिलं वर्ष नुसतं बॅटऱ्यांत पाणी भरण्यात. चाचांनी जन्मात मीटर वापरला नाही. कुणीतरी एक आणून दिला होता, तो खोक्यातच राहिला. त्यांची पद्धत वेगळी. काम झालं की गाडीत जे जे बसवलं असेल ते सगळं एकदम चालू करायचं आणि बॅटरीकडून येणारी मुख्य वायर उजव्या मुठीत धरून पाच मिनिटं बसायचं. वायर जरा जरी कोमट लागली तर सगळं काम उसवायचं. गार राहिली तर ते म्हणायचे, "न्या." तेवढं ऐकल्याशिवाय गिऱ्हाईक गाडीला चावी लावत नसे. लोक म्हणायचे, चाचांच्या हाताला गुण आहे. मला विचाराल तर गुणबिण काही नव्हता. त्यांना वायरीतली ऊब इतरांच्या आधी कळायची, इतकंच.

दिवाळीनंतर चाचांना दुकानातच अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. मीच त्यांना उचलून रिक्षात घातलं. त्या दिवसापासून मला कशाचं काही वाटेनासं झालं. दुकान उघडायचं, काम करायचं, बंद करायचं. चाचा नाहीत म्हटल्यावर गिऱ्हाइकं स्टँडजवळच्या नव्या दुकानाकडं वळली, त्याचंही काही वाटलं नाही. बायको म्हणायची, एरवी ओरडून घर डोक्यावर घेता, आता निदान भाजीत मीठ कमी आहे म्हणून तरी ओरडा. मी मुकाट्यानं जेवायचो.

चाचा हळूहळू सुधारले. तोंड सरळ झालं, काठी घेऊन चालू लागले, उजव्या हाताची बोटं हलायला लागली. कुणी विचारलं की ते मूठ वळून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघ, झाला का न्हाई पयल्यासारखा?"

मे महिन्यात नांदूरघाटकडचा एक बागायतदार नवी जीप घेऊन आला. त्याला टपावर दिव्यांची लांब पट्टी पाहिजे होती, पुढं दोन फॉग लाइट, मागं एक दिवा, टायरात हवा भरायचा कंप्रेसर, मोठा हॉर्न आणि आत पंखा. सहा वस्तू आणि त्यांचे सहा स्विच, तेही विमानातल्यासारखे ओळीनं. गाडी डोंगरावर चढवायची म्हणे. ढाब्याच्या पुढं ही गाडी जाईल असं मला काही वाटत नव्हतं, पण हौसेला मोल नसतं.

"काम तू कर," तो मला म्हणाला, "पर वायर चाचांनी हातात धरून बघितल्याबिगर मी गाडी नेत न्हाई."

मी चाचांच्या घरी निरोप घेऊन गेलो. ते खाटेवर उठून बसले. म्हणाले, "ही गाडी माज्या हातानं गेली ना, तर सोमवारपासून मी दुकानात. मग डाक्टर काय बी म्हनू दे." चाची दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. चाचा घरात बसून खंगत चालले होते, हे तिलाही दिसत होतं आणि मलाही.

शुक्रवारी सकाळी चाचा आले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. मी जीपमध्ये स्विचची पट्टी बसवली, प्रत्येक वस्तूला रिले दिला. रिले म्हणजे जड करंट आपल्या अंगावर घेणारी डबी, त्यामुळं स्विच जळत नाही. चाचा बाहेर स्टुलावर बसून जीपच्या मालकाशी गप्पा मारत होते. शेवटी बॅटरीपासून येणारी मुख्य वायर तेवढी राहिली. मी हात बाहेर काढून मागितली.

चाचा वायर कधी बघून काढत नसत. बोलता बोलता मागं हात घालायचा, चिमटीत धरून जाडी ओळखायची आणि गुंडाळी पुढं करायची. तसंच त्यांनी केलं. मी बघितलं तर वायर एका नंबरानं बारीक होती. सहा वस्तूंचा भार तिला झेपणारा नव्हता.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकासमोर उस्तादाला टोकत नाहीत. मी पूर्वी एकदा टोकलं होतं तेव्हा चाचांनी पाना फेकून मारला होता, नेम चुकला म्हणून बरं. पण त्या दिवशी मी गप्प बसलो ते काही पान्याच्या भीतीनं नाही. गिऱ्हाईक जरा बाजूला गेलं की बदलू, असं मनाशी म्हणालो आणि तीच वायर जोडली. फ्यूज मोठा टाकला होता, तो उडणार नव्हता, हेही मला ठाऊक होतं.

मग सगळे स्विच टाकले. पंखा फिरला, कंप्रेसर घरघरायला लागला, भर उन्हात दिवे लागले. मालक समोर जाऊन मोबाइलवर फोटो काढायला लागला. चाचांनी बॉनेटखाली हात घालून वायर मुठीत घेतली. मला वाटलं, दोन मिनिटांत हात काढतील, मला चार शिव्या देतील, आणि काम उसवू.

ते बसून राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. नेहमीसारखेच शांत होते, डोळे अर्धे मिटलेले. मग जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बोटांच्या फटीतून बारीक धूर निघत होता.

"न्या," चाचा मालकाला म्हणाले.

मी धावत जाऊन वायर बॅटरीवरून उपटली. चाचांची मूठ मलाच उघडावी लागली. वायरीचं लाल प्लॅस्टिक तळव्याला चिकटलं होतं आणि ते सोडवताना कातडी निघाली. चाचा त्या हाताकडं असे बघत होते, जणू तो शेजारी बसलेल्या माणसाचा असावा. मालक अजून फोटोच काढत होता. त्याला मी म्हणालो, एक काम राहिलंय, गाडी उद्या न्या.

चाचांचा हात बधिर होता, त्यांना कळलं नाही. मला तर दिसत होतं. मला काय झालं होतं?

दुकानाला कुलूप लावून त्यांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि घरी निघालो. अर्ध्या रस्त्यात त्यांनी विचारलं, "घरी काय सांगशील?"

"सायलेन्सरला लागला म्हनतो."

"सायलेन्सरला नवशिक्याचा हात लागतो बे," ते म्हणाले. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "हात हलतो. पर त्याची काय बी खबर येत न्हाई. झटका आला तवापासनंच न्हाई."

घरात शिरल्यावर चाचीनं तळवा बघितला. मी सायलेन्सरचं सुरू केलं, तर तिनं मला हातानंच थांबवलं.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "कवाचीच मी त्यान्ला चहा गार करून देती. दवाखान्यातनं घरी आनल्यावर एकदा कडक दिलता, तर पेला तसाच धरून बसले. फोड आला तवा मला कळलं."

"मग चाची, तुमी बोलल्या कावून न्हाई? मला तरी सांगायचं."

"त्यान्ला दुकानात जायाचं हुतं की रे."

चाचांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. चहा गार का असतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. चाची मलम घेऊन आली आणि त्यांचा हात मांडीवर घेऊन लावत बसली. लावताना ती हलकेच फुंकर घालत होती. ती फुंकरही त्यांना लागत नसणार.

आमच्यात एक नेम होता. दुकान बंद केलं की किल्ली चाचांच्या घरी नेऊन द्यायची आणि सकाळी तिथूनच न्यायची. ते आजारी असतानाही मी तो मोडला नव्हता. मी खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढं ठेवली. चाचांनी ती डाव्या हातानं उचलली, थोडा वेळ धरली आणि माझ्या हातात परत दिली.

"आता आनू नको," ते म्हणाले. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."

मला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की उभं राहवेना, म्हणून मी तिथंच त्यांच्या खाटेच्या कडेला बसलो.