अप्पांचा टुना

सुशी तोंडात टाकली की अप्पा डोळे मिटत. आरती संपल्यावर देवापुढे मिटतात, तसे. मग उजव्या हाताचं एक बोट वर जाई. ते खाली येईपर्यंत काउंटरवर बसलेल्या कुणीही बोलायचं नाही, ग्लास खाली ठेवायचा नाही, फोनला हात तर नाहीच नाही. बोट खाली आलं की निकाल लागे. "आजचा टुना जरा बुजरा आहे. आधी बोलत नाही, मागून बोलतो." आम्ही माना डोलवत असू. टुना बुजरा असतो म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात आम्ही मराठी माणसं मोटारींच्या धंद्यामुळे येऊन पडलो आणि जपानी माणसंही त्याच धंद्यामुळे. ड्रायक्लीनर आणि दातांचा दवाखाना यांच्यामध्ये दाबून बसवलेलं ते सुशीचं दुकान एका जपानी जोडप्याचं होतं. काउंटरला आठ स्टुलं, भिंतीलगत तीन टेबलं, संपलं. काउंटरमागे नवरा. त्यांना सगळे मास्टर म्हणत. बाहेरचं सगळं बघायला बायको, मिचिको नावाची. आमच्या लोकांनी त्यांना मिचिकोकाकू करून टाकलं होतं आणि त्या त्या हाकेला ओ देत. मास्टर बोलतच नसत म्हटलं तरी चालेल. अप्पा आत शिरताच विचारत, "मास्टर, हाऊ इज द टुना टुडे?" मास्टर सुरी पुसत म्हणत, "टुडे, गुड." तीस वर्षांत टुना एकदाही बॅड नव्हता.

आमचा वार बुधवार. तो ठरला तोही शास्त्रशुद्ध पद्धतीने. सोमवार कुणाचा शंकराचा, मंगळवार कुणाचा गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शुक्रवारी अमेरिकन लोकांची गर्दी आणि रविवारी दुकान बंद. उरला बुधवार. कधी संकष्टी बुधवारी येई, श्रावणात तर चार-पाच बुधवार येतच, पण एकाही पठ्ठ्याने कधी सुट्टी मागितली नाही. परदेशात राहून मंडळी किती मोकळ्या मनाची झाली, असं मला वाटे. तिथेच संशय यायला हवा होता.

कंपनीत भारतातून कुणी नवा माणूस आला, की अप्पा त्याला महिन्याभरात काउंटरवर आणून बसवत. त्याचे नियम असत. अत्तर मारून यायचं नाही. भात सोया सॉसमध्ये बुडवायचा नाही, "ती इडली नव्हे." वसाबी कालवायचा नाही, "ती पुदिन्याची चटणी नव्हे." आणि सगळ्यात मोठा नियम, सुशी एका घासात खायची. "प्रसादाचा पेढा अर्धा चावून परत ताटात ठेवतोस का? मग?" नागपूरहून आलेल्या प्रसादने पहिल्याच दिवशी खिशातून झिपलॉकची पिशवी काढली होती. आत तिळाची चटणी. "अप्पा, थोडी टाकून पाहू का? जरा फिकं लागून राहिलं यार." अप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्या पोराने पिशवी खिशात घातली ती घरी जाऊनच काढली.

गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत अप्पांनी एकदा 'जपानी भोजनसंस्कृती आणि आपण' या विषयावर स्लाइड दाखवून भाषण केलं. पाऊण तास. मोदक वाफेत ताटकळले. टुनाच्या पोटाकडचा भाग, पाठीकडचा भाग, कोणत्या समुद्रातला मासा जिभेवर कसा उतरतो, सगळं आलं. भाषण संपल्यावर एका काकूंनी विचारलं, "पण अप्पा, कच्चा मासा वास नाही का मारत?" अप्पा हसले. "वहिनी, वास माशाला नसतो. वास आपल्या मनात असतो." टाळ्या पडल्या. मी तेव्हा या गावात नवा होतो. मला तो माणूस थोरच वाटला.

आता माझ्याविषयी एवढंच सांगतो, की मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे माशाचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय टोपलीवाल्या बाईशी भावाचं बोलणं सुरू होत नाही, आणि कच्चा मासा फक्त मांजर खातं. त्यामुळे अप्पांनी मला पहिल्या बुधवारी शेजारच्या स्टुलावर बसवलं तेव्हा मी मनातून नाखूश होतो. मास्टरांनी दोघांपुढे लाकडी फळ्या ठेवल्या. अप्पा पलीकडे वळून कुणाला तरी सुशीसोबतचं मुरवलेलं आलं कधी खायचं ते शिकवत होते. मी लांबलचक चॉपस्टिक्स सावरत एक लालभडक तुकडा उचलला आणि नियमाप्रमाणे एका घासात तोंडात टाकला.

टोमॅटो.

सोललेला, बिया काढलेला, सोया सॉसमध्ये मुरवलेला, दिसायला थेट टुना, पण टोमॅटो. माझ्या लक्षात आलं, की मी चुकून अप्पांच्या फळीवरचा तुकडा उचलला होता. समोर मास्टरांची सुरी थांबली होती. ते माझ्याकडे बघत होते. रागावून नाही, विनवूनही नाही, नुसते बघत होते. अप्पा इकडे वळले. "काय सुहास? कसा आहे?"

"अप्पा," मी म्हणालो, "असा टुना वेंगुर्ल्यातही मिळणार नाही."

सुरी पुन्हा चालू लागली. थोड्या वेळाने मास्टरांनी न मागता माझ्यापुढे टुनाच्या पोटाकडचा एक तुकडा ठेवला, खराखुरा. तो जिभेवर विरघळला आणि त्या क्षणापासून मी सुशीचा भक्त झालो. म्हणजे अप्पांनी मला सुशी शिकवली हे खोटं नाही.

पुढे कधीतरी मिचिकोकाकूंनी मोडक्या इंग्रजीत मला हकिगत सांगितली. अप्पा सांगलीहून नवे आले होते. ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, वरचा साहेब जपानी. साहेबाने मोठ्या मायेने त्यांना या दुकानात आणलं आणि समोर मासा मांडला. अप्पांच्या मासे न खाण्यात धर्म नव्हता, पोट होतं. अंडं चाले, व्हिस्की तर फारच चाले, पण माशाच्या वासाने आतडी वर यायची. साहेबाला नाही म्हणायची हिंमत नाही आणि खायची ताकद नाही. अप्पांच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं. मास्टरांनी ते पाहिलं. साहेब हात धुवायला उठला तेव्हा मास्टरांनी फळी बदलली. सॅलडचा टोमॅटो होता, तोच कापून दिला. दुसऱ्या वेळेपासून काकू आदल्या रात्रीच टोमॅटो मुरत घालू लागल्या. पुढे ईल माशाच्या जागी भाजलेलं वांगं आलं आणि स्क्विडच्या, म्हणजे आमच्याकडच्या माकुलाच्या, जागी शहाळ्याची मलई. साहेब खूश झाला, ऑफिसभर सांगत सुटला, की हा इंडियन आपल्यासारखी सुशी खातो. तिथून अप्पा तज्ज्ञ झाले. तज्ज्ञ होणं सोपं असतं, त्यातून बाहेर पडणं कठीण.

मला सुरुवातीला फार हसू येई. बुजरा टुना म्हणे! नंतर येईनासं झालं. अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा ऑस्टिनला, रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि इंग्रजीत हवामान सांगायचा. रिटायर झाल्यावर अप्पांच्या आठवड्यात घडण्यासारखा एकच वार उरला होता. टोमॅटोची गोष्ट फुटली असती तर त्यांचा मान गेला असता, आणि मानाबरोबर बुधवारही गेला असता. म्हणून मी तोंड बंद ठेवलं. नऊ वर्षं. मराठी माणसाने इतकी वर्षं गुपित ठेवलं, याचं खरं तर मंडळाने मला स्मृतिचिन्ह द्यायला हवं.

मग मास्टरांचे गुडघे गेले. दिवसभर उभं राहणं होईना. दुकान बंद करायचं ठरलं. शेवटच्या बुधवारी अप्पांनी आठही स्टुलं राखून ठेवली. अप्पा, मी, प्रसाद, पुण्याची मुग्धा आणि आणखी चौघं, सगळे जुने. जून होता, बाहेर लख्ख उजेड. अप्पा टाय लावून आले होते आणि आत शिरताना त्यांनी टुना कसा आहे ते विचारलंही नव्हतं. मदतीला मास्टरांची मुलगी एमी आली होती. ती इथेच जन्मलेली, शिकागोत फिजिओथेरपिस्ट. दुकानात कधीमधीच येणारी.

मास्टरांनी आठ जणांचा शेवटचा टुना ट्रेमध्ये मांडला आणि तेवढ्यात एक म्हातारं जपानी जोडपं फुलं घेऊन दारात आलं. मास्टर आणि काकू त्यांच्याकडे गेले, वाकावाकी सुरू झाली. एमीने ट्रे उचलला, आत पाहिलं आणि स्वच्छ अमेरिकन इंग्रजीत, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ओके, यातले टोमॅटो कोणाचे आणि टुना कोणाचा? टोमॅटोवाल्यांनी हात वर करा प्लीज."

अप्पांकडे बघायचा धीर होईना. मी काही विचार न करता हात वर केला. निदान एक तरी टोमॅटोवाला सापडला म्हणजे ती पोरगी गप्प बसेल. पण माझ्याबरोबर मुग्धाचाही हात वर गेला. मग प्रसादचा. मग उरलेल्या चौघांचेही, एकेक करत, गुन्हा कबूल केल्यासारखे.

अप्पांनी मान वळवून सगळी रांग पाहिली. "सगळे?"

"सॉरी अप्पा," मुग्धा रडवेली झाली होती. "मला नाही जमत हो. दुसऱ्याच बुधवारी मी काकूंना हळूच सांगितलं. पण तुम्ही इतक्या प्रेमाने शिकवत होतात, तुमचं मन कसं मोडणार?"

"मी पण," प्रसाद म्हणाला. "मला वाटलं मी एकटाच आहो."

म्हणजे नोव्हायमधल्या मराठी समाजाचं सुशीचं विद्यापीठ चालत होतं ते टोमॅटोवर. श्रावणातल्या उत्साहाचा उलगडा मला तेव्हा झाला.

आता हात वर करायला अप्पांना काहीच अडचण नव्हती. सगळे हसले असते, अप्पाही हसले असते, आणि तीस वर्षांचं ओझं तिथेच उतरलं असतं. मी मनात म्हणत होतो, करा अप्पा, करा हात वर. अप्पांनी टाय सरळ केला. "एमी," ते म्हणाले, "टुना फॉर मी."

मला त्यांचा राग आला. शेवटच्या दिवशीसुद्धा हा ताठा!

मास्टर दारातून परत आले होते. त्यांनी एमीच्या हातातून ट्रे काढून घेतला आणि स्वतः एकेक तुकडा वाढला. सगळे लाल, सगळे सारखे. अप्पांनी तुकडा उचलला. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. सताड उघडे ठेवून मास्टरांकडे बघत त्यांनी तो एका घासात खाल्ला. बोट वर गेलं नाही. डोळ्यांतून पाणी मात्र आलं. मंडळी गहिवरून बघत राहिली.

मी माझा तुकडा तोंडात टाकला. टुना होता. ट्रेमधला एकुलता एक.

परत येताना मी ड्राइव्ह करत होतो. दुसऱ्या सिग्नलला अप्पांनी टायची गाठ सैल केली. मग म्हणाले, "तुला टुना दिला ना त्याने?"

"हो."

"मला टोमॅटो." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, ते मला ठाऊक आहे. फळीवरचा एक तुकडा कमी झालेला मला कळत नाही होय? पण सुहास, आज मी खरंच खाणार होतो रे. दोन आठवडे मनाची तयारी करत होतो. म्हटलं, या माणसाने आयुष्यभर मासा कापला आणि मी एकदाही त्याच्या हातचा खाल्ला नाही. तो निघालाय, आता तरी खावा. ओकारी झाली तर झाली." त्यांनी चष्मा काढून टायला पुसला. "आणि त्याने मला टोमॅटोच दिला. गाढव लेकाचा."

मला राग आल्याची लाज वाटली, ती मात्र मी त्यांना कधी सांगितली नाही.

अप्पा मागच्या हिवाळ्यात गेले. मंडळाने लायब्ररीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. नोव्हायमधला सुशीचा सर्वांत मोठा जाणकार हरपला, असं तीन वक्त्यांनी सांगितलं. मुग्धा आणि प्रसाद जमिनीकडे बघत होते. भाषणं चालू असताना मास्टर आले, काठी टेकत, मागे मिचिकोकाकू. मास्टरांनी अप्पांच्या फोटोपुढे वाकून एक छोटी लाकडी फळी ठेवली. तिच्यावर एकच सुशी, लालभडक.

कार्यक्रमाच्या व्यवस्थापक बाई घाईघाईने माझ्याजवळ आल्या. "अहो, समईजवळ कच्चा मासा? लोक काय म्हणतील? त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेताने उचला ना जरा."

एका शब्दात प्रश्न सुटला असता. टोमॅटो म्हटलं असतं, तर समईची, बाईंची आणि लोकांची, सगळ्यांचीच सोय झाली असती. मी फोटोकडे पाहिलं. फोटोत अप्पांनी डोळे मिटलेले होते.

"त्यांचा आवडता टुना आहे तो," मी म्हणालो. "राहू दे."

थोडी कुजबुज झाली. शेवटी समई हातभर पलीकडे सरकवण्यात आली आणि चौथे वक्ते उभे राहिले. मी मास्टरांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसलो. आम्ही दोघं त्या फळीकडे बघत होतो. मग कुणीतरी विचारायला हवंच होतं, म्हणून मी हळूच विचारलं, "मास्टर, हाऊ इज द टुना टुडे?"

मास्टरांनी काठीवर हात ठेवून मान हलवली.

"टुडे," ते म्हणाले, "गुड."