काकाजींची उतार-तपासणी

वऱ्हाडातल्या सरकारी इमारती भूकंपाला भीत नाहीत, आमच्या काकाजींना भितात. काकाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे काका, मुक्काम अमरावती. लहानपणी पोलिओने एक पाय नेला, तेव्हापासून काखेत कुबडी आली, आणि पुढे मागच्या बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर आली. सरकारने सगळ्या कचेऱ्या अपंगांसाठी सुगम करायचं ठरवलं आणि जिथे तिथे पायऱ्यांशेजारी सिमेंटचे उतार दिसू लागले, तेव्हा हे काम आपल्या देखरेखीखाली व्हावं असं काकाजींना वाटलं. सरकारला तसं वाटत नव्हतं. पण सरकारला विचारलं कोणी?

तपासणीची पद्धत त्यांची स्वतःची. त्यांनी उताराच्या पायथ्याशी स्कूटरवर बसायचं आणि मी वर जाऊन संत्रं सोडायचं. संत्रं सावकाश येऊन चाकाशी टेकलं तर रॅम्प पास. उसळ्या मारत रस्त्यावर गेलं तर नापास. संत्रं धरून आणण्याचं खातंही माझ्याचकडे. एकदा एका कचेरीचं संत्रं मला न जुमानता रस्त्यापार गेलं, त्याच्यामागे मी धावलो, आणि संत्र्याने चुकवलेली नाली मला काही चुकवता आली नाही. गलका ऐकून साहेब खाली आले. काकाजी त्यांना शांतपणे म्हणाले, "साहेब, ही घसरगुंडी हाये. हिच्यावर मानूस चढत नाई, पोट्टे खेयतात. हे पाहा, आमचे जवाईबापू तं बिना चढताच पडले!" संत्र्यांचा हंगाम नसला की लिंबू. पण कार्यालयाच्या दारातून लिंबू घरंगळत येताना पाहून एका बाईंनी त्याच दिवशी रजा टाकली, तेव्हापासून लिंबू बंद झालं.

हा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी होता: आपल्याला कोणी उचलू नये. स्वतःच्या लग्नात त्यांना बोहल्यावर कापसाच्या गाठीसारखं उचलून ठेवलं होतं आणि सगळा मांडव हसला होता. तेव्हापासून जिथे आपल्या हिमतीवर चढता येत नाही तिथे काकाजी जात नाहीत, मग आत खुद्द पुतणीचं बारसं का असेना. मी नवा जावई असताना मला हे ठाऊक नव्हतं. एका उंच उंबरठ्यापाशी, सासुरवाडीला आपली ताकद दिसावी म्हणून, मी त्यांना मागून काखेत धरून उचललं. कुबडी थेट माझ्या नडगीवर बसली. "जवाई हाये म्हून एकच मारली," ते म्हणाले. "मले उचलाले चार जनं लागतीन, अन् ते एकदाच. तवा मी नाई म्हननार नाई."

पुढे पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे उसापासूनचं अल्कोहोल, आलं. मोझरीच्या आश्रमात जाऊन व्यसनमुक्तीची शपथ घेतलेल्या माणसाला हे कसं सहन व्हावं? "मी जिंदगीत नाई पेलो, अन् माह्या गाडीले पाजून राहिले! तेही उसाची! इथं आमच्या कापसाले कुत्रं विचारत नाई, अन् तिकडचा ऊस माह्या टाकीत काहून?" पंपावरचा माणूस बिचारा विचारी, "काका, भरू का नको?" "भर," काकाजी म्हणत, "पन तिले सांगू नको." पाणी लागलं की हे पेट्रोल बिघडतं हे कळल्यापासून पावसाळाभर रेनकोट स्कूटरच्या अंगावर असे आणि काकाजी भिजत असत.

अशाच एका पावसाळ्यात काकू आमच्याकडे अकोल्याला आल्या होत्या. इथेच त्यांच्या छातीत कळ आली, आम्ही दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. मी काकाजींना फोन केला, रेल्वेने या म्हटलं. "डब्यात चढवाले कोनी ना कोनी उचलनच," ते म्हणाले आणि भर पावसात स्कूटरवर निघाले. मूर्तिजापूरजवळ स्कूटर बंद पडली. तिला रेनकोट घालूनही टाकीत पाणी गेलंच होतं. मी माझी जुनी मोटार घेऊन त्यांना आणायला गेलो. वाटेत उसाला शिवी नाही, सरकारला नाही, काहीच नाही. असे काकाजी मी कधी पाहिले नव्हते.

काकू दुसऱ्या मजल्यावर होत्या. लिफ्ट बंद. रॅम्प होता, पण तो तळमजल्याच्या दारापर्यंत नेऊन सोडत होता. आता काकाजी रॅम्पचा जाब विचारायला मोठ्या डॉक्टरांना खाली बोलावणार, या धास्तीने मी उगाच बुटाची नाडी बांधत बसलो. काकाजींनी जिन्याकडे एकदा पाहिलं आणि कुबडी माझ्या खांद्याला अडकवली.

"उचला, जवाईबापू."

मी आधी नडगी मागे घेतली.

"पाहाता काय? उचला. अन् पडू नका."

मी त्यांना पाठीवर घेऊन चढलो. लोक बाजूला होत होते. कोणी हसलं असेल तर मला कळलं नाही, कारण मी पायऱ्यांकडे पाहत होतो. वॉर्डाच्या दाराबाहेर त्यांनी माझा खांदा दाबला. उतरले, ओला सदरा ओढून नीट केला, कुबडी घेतली आणि आपले आपण चालत आत गेले.

काकूंनी डोळे उघडले. "आले? वर कसे आले तुमी?"

"लिफ्टनं," काकाजी म्हणाले. "मस्त लिफ्ट हाये."

दाराच्या चौकटीला धरून मी धापा टाकत होतो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मंग त्या लिफ्टले पानी द्या जरासं," त्या म्हणाल्या.

काकाजी खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, समोर नुसती भिंत होती. हात मात्र काकूंच्या हातावर होता. मी पाणी प्यायला म्हणून खाली गेलो आणि बराच वेळ वर आलो नाही.